आधी ओहोटी, मग बोट: मित्रमंडळींसोबत अलिबाग, कुलाबा किल्ला आणि पोपटी

अलिबागचा बेत बहुतेक ग्रुपमध्ये उलट्या बाजूनं ठरतो. आधी सगळ्यांची सुट्टी जुळवायची, मग बोटीची वेळ बघायची, मग खोल्या बुक करायच्या आणि किल्ल्याचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणायचं. गेल्यावर कळतं की किल्ल्याच्या वाटेवर छातीभर पाणी आहे आणि ते उतरेपर्यंत परतीची बोट सुटलेली असेल. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेला कुलाबा किल्ला पायी गाठायचा असेल तर सहलीची तारीख समुद्र ठरवतो. बाकी सगळं त्या तारखेभोवती बसवायचं.

हा लेख आठ जणांच्या ग्रुपसाठी, मुंबईहून निघून एक रात्र मुक्काम, असा धरून लिहिला आहे. काळ डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. तेव्हा समुद्र शांत असतो, दुपारचं ऊन सोसवतं आणि वालाच्या शेंगा बाजारात असतात. शेंगा असल्या की पोपटी लावता येते, म्हणजे शेंगा, कोंबडी, अंडी मडक्यात पाल्यासकट भरून जाळात वाफवता येतात, आणि पोपटी हे आठ जणांनी मिळून करायचं काम आहे.

तारीख कशी काढायची

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट करायची. प्रतिपदा म्हणजे १, द्वितीया म्हणजे २, असं पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत १५. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशेब एकच. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे ३ च्या सुमारास. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं जातात. म्हणून चतुर्थीला पूर्ण ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास आणि पुन्हा रात्री.

याच रीतीनं पंचमीला ओहोटी सकाळी १० च्या सुमारास, अष्टमीला दुपारी १२ नंतर, त्रयोदशीला दुपारी ४ ला आणि पौर्णिमा-अमावास्येला साधारण पहाटे व संध्याकाळी साडेपाचला येते.

हे वाचून कुणीही अष्टमी निवडेल. भर दुपारी ओहोटी, सकाळी आरामात निघा, जेवणाआधी किल्ला करा. हाच सगळ्यात मोठा सापळा आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मुंबई बंदराचे सरासरी आकडे बघितले तर उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत ओहोटीचं पाणी ०.७६ मीटरपर्यंत खाली जातं आणि भांगाच्या दिवसांत १.८६ मीटरवरच थांबतं. फरक १.१ मीटरचा, म्हणजे साडेतीन फुटांहून जास्त. वाटेवर साडेतीन फूट पाणी जास्त असलं तर घड्याळात ओहोटी असून उपयोग नाही.

दुसऱ्या टोकाला, ऐन पौर्णिमा-अमावास्येला पाणी मस्त उतरतं, पण ओहोटीची वेळ पहाटे किंवा सूर्यास्ताची. हिवाळ्यात संध्याकाळी सव्वासहाला अंधार पडायला लागतो, तेव्हा ओल्या खडकांवरून परतणं नको.

सोयीची वेळ आणि पुरेसं उतरलेलं पाणी हे दोन्ही जिथे जुळतं, ते दिवस पुढीलप्रमाणे.

सकाळच्या चालीसाठी तृतीया, चतुर्थी, पंचमी. ओहोटी साडेआठ ते दहाच्या दरम्यान.

दुपारच्या चालीसाठी त्रयोदशी. ओहोटी चारच्या सुमारास. द्वादशीला ती सव्वातीनला येते, पण पाणी थोडं कमी उतरतं. चतुर्दशीला पाणी छान उतरतं, पण परतताना दिवस मावळतीला लागतो.

या दोन्हींत सकाळची चाल जास्त भरवशाची. उधाणाचा जोर ऐन पौर्णिमेला किंवा अमावास्येला टिपेला पोचत नाही, तो त्यानंतर दीड-दोन दिवसांनी पोचतो. त्यामुळे चतुर्थी-पंचमीला तो जोर अजून बराच शिल्लक असतो आणि द्वादशीला तो नुकता वाढू लागलेला असतो. वाळू सकाळच्या बाजूला जास्त उघडी पडते, ती यामुळे.

पाऊणपटीचा हिशेब बेत आखण्यापुरता. कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते आणि ती दिवसात कधीही बदलते, म्हणून वेळ पाऊण-एक तास इकडेतिकडे होऊ शकते. तारीख ठरली की त्या दिवसाचं मुंबईचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा. अलिबागची वेळ मुंबईपेक्षा फार वेगळी नसते. त्यात वेळेबरोबर पाण्याच्या उंचीचा आकडाही असतो. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, एक जास्त खोल जाते, म्हणून आपल्या चालीच्या ओहोटीचाच आकडा बघा. तो १ मीटरच्या जवळ किंवा खाली असेल तर तारीख पक्की करायला हरकत नाही. २ च्या जवळ असेल तर पुढचा आठवडा बघा.

आता पंगतीचा भाग. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, त्यामुळे त्या दिवशी भाविकांची वर्दळ असते. आठातल्या दोन-तीन जणांचा तरी उपास असतो आणि बाकीचे सुरमई मागवतात, हे कुणालाच बरं वाटत नाही. संकष्टी शनिवारी आली तर शनिवारी फक्त पोचा आणि चाल रविवारी पंचमीला ठेवा. मार्गशीर्षातले गुरुवारही आधी विचारून घ्या. माघ शुद्ध चतुर्थीला, गणेश जयंतीला, किल्ल्यात उत्सव असतो. ज्यांना गर्दीसकट तो बघायचा आहे त्यांच्यासाठी तो दिवस उत्तम, कारण ओहोटीही सकाळीच येते.

कामं वाटून घ्या

आठ जणांत तीन कामं तीन जणांकडे द्या. एकाकडे ओहोटी आणि बोट, म्हणजे सगळ्या वेळा. दुसऱ्याकडे पैसे. तिसऱ्याकडे जेवण आणि पोपटीचं सामान. वेळेचा निर्णय ज्याच्याकडे आहे त्याचं किल्ल्यावर सगळ्यांनी ऐकायचं, हे निघण्याआधीच बोलून घ्या. तिथे उभं राहून मतदान घ्यायला वेळ नसतो.

काँट्री आधी गोळा करा. खर्च चार डब्यांत मांडा: प्रवास, मुक्काम, घोडागाडी आणि किल्ल्याचं तिकीट, जेवण. पहिले तीन डबे सगळ्यांत समान. जेवणाचा डबा वेगळा ठेवा, कारण शाकाहारी माणसाकडून पापलेटचे पैसे आणि न पिणाऱ्याकडून दारूचे पैसे घेतले की पुढच्या सहलीला तो येत नाही. खजिनदारानं रोज रात्री हिशेब ग्रुपवर टाकावा. परत आल्यावर आठवडाभरानं टाकलेला हिशेब कुणालाच पटत नाही. थोडी रोकडही जवळ हवी. किनाऱ्यावर आणि बोटीच्या धक्क्यावर मोबाइलचं नेटवर्क ऐन वेळी दगा देतं.

पोचायचं कसं

गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला प्रवासी बोटी जातात. पाण्यावरचा वेळ साधारण तासाभराचा. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किमी, बसनं पाऊण तास. काही बोटींच्या तिकिटात ही बस धरलेली असते, तिकीट काढतानाच विचारा. रांग, चढउतार, बसची वाट असं सगळं धरून गेटवे ते अलिबाग अडीच तास मोजा. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, या बोटी बंद असतात.

गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली. शनिवारी सकाळी गाड्यांची जागा लवकर भरते, म्हणून आधीच बुकिंग करा. आठ जणांना दोन गाड्या लागतात आणि दोन गाड्यांचं भाडं प्रवासी बोटीपेक्षा बरंच जास्त पडतं. मुक्काम गावापासून लांब असेल तरच गाडीचा विचार करा.

भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणारी लाँच सगळ्यात स्वस्त. तिला वेळ जास्त लागतो, आणि रेवसच्या खाडीत गाळ असल्यानं ओहोटीला लाँच धक्क्याला लागायला अडचण येते. म्हणजे किल्ल्यासाठी जी वेळ उत्तम, तीच रेवसच्या लाँचसाठी वाईट. पंचमीच्या सकाळी दहाच्या सुमारास रेवसला उतरायचा बेत आखू नका.

रस्त्यानं पनवेल, पेण, वडखळ मार्गे यायचं तर वडखळच्या आसपास शनिवारी सकाळी कोंडी धरूनच चाला. अटल सेतूमुळे दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांचा सुरुवातीचा टप्पा लवकर संपतो, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. बाइकवाल्या ग्रुपनं हे लक्षात ठेवावं.

मुक्कामासाठी अलिबाग गावातली खोली किंवा वरसोली, आक्षी, नागावातलं एखादं वाडीतलं घर. पोपटी लावायची असेल तर वाडीच हवी. खोली बुक करतानाच मालकांना विचारा: आवारात पोपटी लावू द्याल का, मडकं आणि पाला मिळेल का? हंगामात बरेच जण स्वतः सोय करून देतात.

किल्ल्याची चाल

नियम एकच: पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी वाळूत उतरायचं आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभराच्या आत परत किनाऱ्यावर यायचं. पंचमीला ओहोटी १० ला असेल तर साडेआठला निघा आणि ११ ला किनाऱ्यावर या.

नंतरच्या बाजूला एवढी काटकसर का, तर पाणी सारख्या वेगानं चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्या आणि चौथ्यात ३-३, मग पुन्हा २ आणि १. उधाणाच्या दिवसांत मुंबईला एकूण चढ सरासरी साडेतीन-पावणेचार मीटरचा असतो. पहिल्या तासात पाणी जेमतेम एक फूट वाढतं, आणि त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या तासात आणखी दोन फूट. तिसऱ्या तासात एकट्या त्या तासाचे तीन फूट. शिवाय वाट सपाट नाही. किनाऱ्याजवळचा सखल पट्टा आधी भरतो आणि किल्ल्याजवळचे खडक उघडेच दिसत राहतात. तटावरून बघणाऱ्याला वाट कोरडी वाटते, तोवर मधला भाग तुटलेला असतो. लोक किल्ल्यात अडकतात ते असे.

अडकलात तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यात थांबा. भरतीच्या पाण्यात तिथे बोटी चालतात. बोट मिळाली नाही तर पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावं लागेल, पण किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, देऊळ आहे, माणसांची ये-जा आहे. ओढीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून साखळी करून येण्याचा प्रयोग मात्र जिवावर बेततो.

पायात मागून पट्टा असलेल्या सँडल घाला. चपला ओल्या वाळूत रुततात आणि अनवाणी जाणं त्याहून वाईट. किल्ल्याच्या जवळचा पट्टा खडकाळ आहे. तिथे दगडांवर हिरवं शेवाळ असतं आणि कडेला चिकटलेली कालवं असतात. कालव काढून नेल्यावर शिंपल्याची जी खालची अर्धी वाटी दगडाला राहते तिची कड ब्लेडसारखी असते. घसरलेला माणूस हात टेकतो आणि तळहात कापून घेतो. म्हणून हिरव्या दगडावर पाय नको, काळ्या कोरड्यावर ठेवा, आणि एका हातात मोबाइल धरून चालू नका. घोडागाड्यांच्या चाकोऱ्या दिसतात, त्याच धरून जा. त्या वाटेवरची जमीन दाबलेली असते. जवळचा रस्ता म्हणून आडवं कापायला गेलं की गुडघाभर डबकी लागतात.

घोडागाडी करायची असेल तर वाळूत उतरण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: भाडं माणशी की गाडीचं, एका बाजूचं की दोन्ही, आणि परत किती वाजता निघायचं. वयस्क माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर गाडीच करा. बाकीच्यांना वाळूतून सावकाश पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे.

किल्ल्यात पाऊण ते एक तास पुरतो. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या काळात, १६८० च्या सुमारास, त्याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुढे गेलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. आत शिरण्याआधी तटाच्या भिंतीपाशी दोन मिनिटं थांबा. मोठमोठे दगड नुसते एकमेकांवर रचले आहेत, सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आपटते तेव्हा पाणी त्या फटींत शिरतं आणि तिचा मार विखुरतो. कुठल्याही माहितीफलकापेक्षा ती भिंत जास्त सांगून जाते, आणि घाईत आत शिरणारे नेमके तिथून न बघता जातात.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. राघोजी आंग्र्यांनी ते १७५९ मध्ये बांधलं. मूर्ती एकटी नाही, गणेश पंचायतन आहे. शेजारी बांधीव पुष्करणी. चारही बाजूंना खारं पाणी असलेल्या किल्ल्यात गोड पाणी टिकून आहे, हे ग्रुपमधल्या सगळ्यांना दाखवा. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत, यॉर्कशरच्या कारखान्यातल्या. फोटोसाठी सगळे तिथेच जमतात. त्याच बाजूला सर्जेकोट दिसतो, मुख्य किल्ल्याच्या रक्षणासाठी बांधलेला छोटा कोट. वेळ हातात असेल तरच तिकडे वळा. घड्याळात पूर्ण ओहोटी होऊन गेली असेल तर नको.

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिकीट काढावं लागतं. आत दुकानांच्या भरवशावर राहू नका. माणशी एक लिटर पाणी न्या आणि बाटल्या परत आणा.

परत आल्यावर गावातल्या हिराकोट किल्ल्याजवळची छत्रीबाग बघा. कान्होजींची समाधी तिथे आहे, १७२९ साली ते गेले. गावातच १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार होत्या, म्हणून ते काम इथे हलवलं गेलं. आतलं बघता येत नाही, बाहेरून जाताना माहीत असावं इतकंच.

खांदेरी, जंजिरा हे याच सहलीत कोंबू नका. खांदेरीसाठी थळहून वेगळी बोट ठरवावी लागते आणि जंजिऱ्यासाठी मुरूडच्या पुढे राजपुरीपर्यंत जावं लागतं. दोन्हींना स्वतंत्र दिवस द्या.

दुपारचं जेवण

शनिवार-रविवारी नावाजलेल्या खाणावळीत एक वाजता आठ जणांना एकत्र जागा मिळत नाही. साडेबाराच्या आत पोचा किंवा दोनच्या पुढे जा. दोननंतर मासे संपत आलेले असतात, म्हणून साडेबाराच बरं.

सगळ्यांनी थाळ्या मागवल्या की प्रत्येकाच्या ताटात तोच एक तुकडा येतो. आठ जणांना सहा थाळ्या, प्रत्येक प्रकारच्या दोन: दोन सुरमई, दोन बांगडा, दोन कोलंबी. वर दोन बोंबील फ्राय आणि एक जिताड्याचं कालवण. उरलेल्या दोघांना भाकरी आणि भात वेगळा. थाळ्या वाटून खाल्लेलं चालतं का हे आधी विचारा, काही ठिकाणी चालत नाही.

जिताडा हा मासा इथे खाल्लाच पाहिजे. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तळ्यांत तो वाढतो, आणि पाहुण्याला जिताडा वाढणं हा या भागात मान समजतात. रोज असतोच असं नाही. फोन करून विचारता आलं तर उत्तम. ‘ताजं काय आहे?’ असं विचारलं की ‘सगळंच ताजं’ हे उत्तर येतं. त्याऐवजी ‘आज बाजारातून काय आणलं?’ असं विचारा आणि जे पहिलं नाव येईल ते मागवा. बोंबील नरम हवा, तळल्यावर बाहेरून कुरकुरीत आणि आत जवळजवळ विरघळलेला. तंतू लागले तर तो सुकत आलेला होता.

सोलकढी शेवटी प्या. आधीच दोन पेले झाले की भाकरी जात नाही.

पोपटी, आठ जणांची

सामान असं:

वालाच्या ओल्या शेंगा ३ किलो
कोंबडी दीड किलो, मध्यम तुकडे
अंडी १२
लहान बटाटे ८, लहान कांदे ८, छोटी वांगी ६
जाडं मीठ अर्धी वाटी
ओवा ३ मोठे चमचे
भांबुर्ड्याच्या पाल्याचा मोठा भारा
१२ ते १५ लिटरचं मातीचं मडकं, आणि शाकाहारींसाठी ५ लिटरचं वेगळं
केळीची पानं, सुती दोरा
पेंढा, काटक्या, गोवऱ्या

कोंबडीला लावायला आलं-लसूण-मिरचीचं वाटण ४ मोठे चमचे, आगरी किंवा घरचा लाल मसाला ३ मोठे चमचे, हळद १ छोटा चमचा, २ लिंबांचा रस, मीठ ४ छोटे चमचे. हे वाटण घरून बरणीत आणा. कोंबडी अलिबागमध्येच घ्या, तुकड्यांना सुरीनं चिरा द्या, मसाला चोळा आणि मालकांच्या फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवा. मिठाचा हात इथे मोकळा ठेवा. पानांत गुंडाळून वाफवताना मसाला थोडा बाहेर ओघळतो.

शेंगा भरलेल्या पण कोवळ्या हव्यात. दाबली तर दाणा जाणवला पाहिजे आणि साल हिरवी असली पाहिजे. पिवळट पडलेल्या शेंगेचा दाणा कितीही वाफवला तरी पिठाळ लागतो. शेंगा धुवा, पुसू नका. तेवढंच पाणी मडक्यात जातं. वेगळं पाणी आणि तेल अजिबात नाही.

भांबुर्डा शेताच्या बांधावर उगवणारं तण आहे, काही गावांत भामरूड म्हणतात. पोपटीचा वास म्हणजे या पाल्याचा वास. माहितगारानं दाखवल्याशिवाय स्वतः तोडायला जाऊ नका, सारखी दिसणारी तणं बरीच असतात. बाजारात शेंगांच्या शेजारीच पाला मिळतो.

मडकं बोटानं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द आवाज म्हणजे कुठेतरी बारीक तडा, आणि तडा विस्तवात उघडतो. मडकं कोरडं असू द्या. ओलं मडकं एकदम जाळात गेलं तर फुटतं.

आता भरणं. तळाशी आणि बाजूंनी पाल्याचा चार बोटं जाड थर. त्यावर शेंगा, मूठभर मीठ-ओव्याचं मिश्रण. मग बटाटे आणि वांगी, कडेकडेनं, कारण त्यांना जास्त आच लागते. कोंबडीच्या तुकड्यांच्या चार-चारच्या पुड्या केळीच्या पानात बांधून मधोमध. पुन्हा शेंगा, मीठ, ओवा. अंडी मध्यभागी शेंगांच्या गादीवर, एकमेकांना न लागता. मडक्याच्या भिंतीला टेकलेलं अंडं फुटतं. वर कांदे, उरलेल्या शेंगा, मीठ. शेवटी पाला तोंडाशी ठासून भरा. मधला भाग ठासू नका, वाफ फिरायला जागा हवी. तोंड मात्र इतकं घट्ट पाहिजे की मडकं उलटं धरलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. तोंड सैल राहिलं की वाफ निसटते, राख आत जाते, कडेच्या शेंगा करपतात आणि कोंबडी कच्ची राहते. पोपटी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

जागा मोकळी हवी. सुरूच्या बनात, किनाऱ्यावर किंवा नारळाच्या झापांखाली जाळ नको. सुरूच्या सुया वाऱ्यानं क्षणात पेट घेतात. जमिनीवर वीतभर खोल खळगा करा, त्यात मडकं तोंड खाली करून ठेवा. भोवती गोवऱ्या उभ्या लावा, त्यावर काटक्या, सगळ्यांवर पेंढा, मडकं पूर्ण झाकलं जाईल असा. जवळ पाण्याच्या दोन बादल्या. पेटवताना तिन्ही-चारी बाजूंनी एकदम पेटवा. एका बाजूनं पेटवलं तर वाऱ्याकडची बाजू होते आणि आडोशाची कच्ची राहते.

तीस ते चाळीस मिनिटं चांगला जाळ ठेवा, पेंढा खाली बसला की नवा घालत राहा. मग दहा मिनिटं नुसत्या निखाऱ्यांत. झालं की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र होऊन तत्काळ उडाले आणि पाल्याचा वास दरवळायला लागला की काढायला घ्या. वास नुसता धुराचा असेल तर अजून पाच मिनिटं.

निखारे काठीनं बाजूला सारा. मडकं दोघांनी जाड गोणपाटात धरून सरळ करा. तोंडाचा पाला काढताना चेहरा बाजूला ठेवा, आतली वाफ एकदम वर येते. सगळं केळीच्या पानांवर ओता. पहिली शेंग उचलून दोन बोटांत दाबा. साल ओलसर, मऊ पडलेली असते, दाणा आपोआप सुटून येतो, आणि त्याला मीठ, ओवा आणि पाला या तिन्हींची चव लागलेली असते. कोंबडीची एक पुडी उघडून हाडापाशी चिरून बघा. गुलाबी दिसलं तर सगळ्या पुड्या तव्यावर झाकून दहा मिनिटं ठेवा, संकोच करू नका. शेंगा तोवर संपतातच.

बरोबर पांढरा कांदा कापून ठेवा. त्रयोदशीचा बेत असेल तर किल्ल्यावरून पाचला परत, साडेसहाला भरायला सुरुवात, सव्वासातला जाळ, आठनंतर जेवण, हे वेळापत्रक जमतं. निखाऱ्यांवर झोपण्याआधी दोन बादल्या पाणी ओता आणि काठीनं उकरून पुन्हा ओता. राखेखालचा विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो.

परतताना

रविवारी संध्याकाळच्या बोटींना मांडव्याला रांग लागते. तीनच्या आत अलिबाग सोडलं तर उभं राहावं लागत नाही. बोटीच्या तिकिटात बस असेल तर ती अलिबागहून कुठून आणि किती वाजता सुटते हे शनिवारी उतरतानाच विचारून ठेवा. बस चुकली तर आठ जणांना मांडव्यापर्यंत रिक्षांचा खर्च येतो.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गेलात तर नवा पांढरा कांदा रस्त्याच्या कडेला माळांनी टांगलेला दिसायला लागतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. माळ हातात घेऊन कांदा दाबून बघा. मान सुकलेली आणि कांदा टणक असेल तरच घ्या. मान ओली असलेला कांदा बोटीतल्या दमट हवेत आणि घरच्या बंद पिशवीत आठवडाभरात सडतो. घरी आल्यावर माळ सोडू नका, खिडकीजवळ वाऱ्याला टांगून ठेवा.